झूल बघून कुणी बैल घेत नाही : प्रदर्शनातल्या स्टॉलची पावणेदोनशे वर्षांची गोष्ट

आजचा विषय ऐकून काही जण लगेच पुढचा भाग लावतील, पण पाच मिनिटं थांबा. विषय आहे प्रदर्शनातला स्टॉल. हो, तोच. तीन बाय तीन मीटरची जागा, मागे फ्लेक्स, पुढे टेबल, टेबलावर माहितीपत्रकांचा गठ्ठा आणि मागे खुर्चीत मोबाइल बघत बसलेला माणूस.

हा विषय का? कारण आपल्याकडच्या बऱ्याच मुलांचं स्वप्न आता या तीन बाय तीनमध्ये अडकलेलं आहे. कुणी हळद पावडरचा ब्रँड काढलाय, कुणी पेरणी यंत्रात बदल केलाय, कुणाच्या आईच्या बचत गटाला मुंबईच्या महालक्ष्मी सरसमध्ये जागा मिळालीय. जाहिरातीला पैसे नाहीत. जे काही आहे ते त्या पाच-सहा दिवसांत. मग नांदेडला नाहीतर पुण्याला स्टॉल लावायचा, भाडं भरायचं, फ्लेक्स छापायचा, एलईडीच्या माळा सोडायच्या, आणि शेवटच्या दिवशी उरलेली पत्रकं परत गाडीत टाकायची.

इंटरनेटवर शोधलं तर सल्ला एकच मिळतो: स्टॉल क्रिएटिव्ह करा. म्हणजे रंग, लाइट, सेल्फी पॉइंट. मला मात्र इतिहासात डोकावल्यावर वेगळंच दिसलं. जे स्टॉल लोकांनी शंभर-दीडशे वर्षं लक्षात ठेवले, त्यांत सजावटीपेक्षा एक दुसरीच गोष्ट होती. ती काय, ते बघू. सुरुवात आपल्या घरापासून.

माळेगाव: जिथे गिऱ्हाईक आधी दात मोजतं

नांदेड-लातूर रस्त्यावर, लोहा तालुक्यात माळेगाव आहे. खंडोबाचं ठिकाण. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीपासून, म्हणजे डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास, तिथे यात्रा भरते. देवाची पालखी, कुस्त्या, लावणी हे सगळं आहेच. पण यात्रेचा मोठा भाग बाजाराचा असतो. घोडे येतात, गाढवं येतात, उंट येतात, बैल येतात. नांदेड जिल्हा परिषद तिथे पशुप्रदर्शन आणि कृषी प्रदर्शन भरवते. आपल्या भागातली दोन नावाजलेली जनावरं, कंधारची लाल कंधारी आणि लातूरकडची देवणी, तिथे बघायला मिळतात.

आता विकणारा काय करतो? बैलाला धुतो, शिंगं रंगवतो, गळ्यात घुंगरमाळ, कपाळावर गोंडे, पाठीवर झूल. म्हणजे स्टॉल सजवतो. त्यात काही वाईट नाही. सजवलेला बैल लांबून दिसतो, माणूस थांबतो.

पण थांबलेला माणूस पुढे काय करतो ते बघा. तो झूल बाजूला करतो. बैलाचा ओठ वर करून दात बघतो. आदत आहे, दोनदाती आहे, चारदाती आहे की जुळलाय. दातांवरून वय कळतं, तिथे तोंडी हिशेब चालत नाही. मग पाठीवरून हात फिरवतो, खांदा बघतो, खूर बघतो. बैल चालवून बघतो, जमलं तर जुंपून बघतो. आणि हे सगळं झाल्यावर मग भाव. तोही कित्येकदा रुमालाखाली, बोटांनी, म्हणजे शेजारच्याला कळू नये.

यात महत्त्वाचं काय आहे? तपासणी विकणाऱ्याच्या हातात नाही, घेणाऱ्याच्या हातात आहे. कुठे हात लावायचा, कसं चालवायचं, हे घेणारा ठरवतो. विकणारा फक्त म्हणतो, ‘बघा की!’

याच्या उलट उदाहरणही आपल्याच यात्रेत आहे. हिमायतनगरला, म्हणजे जुन्या वाढोण्यात, महाशिवरात्रीला परमेश्वराची यात्रा भरते. अशा कुठल्याही यात्रेत एक किसणीवाला असतोच. तो गाजराची फुलं काढतो, कांद्याच्या पातळ चकत्या पाडतो, तोंडाची टकळी चालूच. आपण खूश होऊन किसणी घेतो, आणि घरी आल्यावर त्याच किसणीतून गाजराचा नुसता भुगा निघतो. तिथे गाजर त्याचं, हात त्याचा, जागा त्याची. गंमत म्हणून ठीक आहे, दहा-वीस रुपयांचा प्रश्न. पण हजारो रुपयांचा बैल कुणी असा घेत नाही.

हा फरक डोक्यात ठेवा. आता आपण माळेगावहून थेट लंडनला जातोय.

१८५१: हसू झालेलं यंत्र

१८५१ साली लंडनच्या हाइड पार्कमध्ये एक प्रचंड प्रदर्शन भरलं. जोसेफ पॅक्स्टनने त्यासाठी लोखंड आणि काचेची इमारत उभी केली होती, लोक तिला ‘क्रिस्टल पॅलेस’ म्हणायला लागले. मे ते ऑक्टोबर, साधारण साठ लाख लोकांनी भेट दिली. आजची सगळी मोठी औद्योगिक प्रदर्शनं याच प्रदर्शनाची नातवंडं-पतवंडं म्हणायला हरकत नाही.

तिथे अमेरिकेतून सायरस मॅककॉर्मिक नावाच्या माणसाचं एक कापणी यंत्र आलं होतं. घोड्यांनी ओढायचं, गहू कापायचं. चकचकीत काचेच्या महालात ते इतकं बेढब दिसत होतं की ‘टाइम्स’ या वर्तमानपत्राने त्याची टर उडवली. ढकलगाडी, सर्कशीतला रथ आणि उडण्याचं यंत्र यांची खिचडी, अशा अर्थाचं काहीतरी लिहिलं.

पण मग जुलै महिन्यात परीक्षक मंडळी यंत्रं घेऊन एसेक्स परगण्यातल्या टिपट्री नावाच्या गावी एका शेतात गेली. त्या दिवशी पाऊस. पीक ओलं आणि अजून हिरवं. कुठल्याही विक्रेत्याने स्वतःहून असा दिवस निवडला नसता. दुसरं एक यंत्र तिथे अडकलं. मॅककॉर्मिकचं यंत्र सरळ कापत गेलं. ज्या यंत्राला लोक हसत होते, त्याला प्रदर्शनाचं सर्वोच्च पदक मिळालं, आणि ‘टाइम्स’लाही सूर बदलावा लागला.

म्हणजे काय झालं? महालातल्या मांडणीने यंत्र हरलं होतं, शेतातल्या चिखलाने जिंकवलं. आणि चिखल होता म्हणूनच लोकांचा विश्वास बसला. कोरड्या दिवशी, पिकलेल्या गव्हात कापून दाखवलं असतं, तर शेतकरी म्हणाला असता, ‘ठीक आहे, पण आमच्याकडे पाऊस पडतो.’

तीन वर्षांनी, १८५४ मध्ये, न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात एलिशा ओटिसने याच्या पुढचं पाऊल टाकलं. वर-खाली जाणारे पाळणे तेव्हाही होते, गोदामात माल चढवायला वापरत. माणसं त्यात बसायला घाबरायची, कारण दोर तुटला तर? ओटिसने दोर तुटल्यावर पाळणा जागच्या जागी अडकवून धरणारी यंत्रणा केली होती. आता ही गोष्ट पत्रकात छापून कुणाला पटणार? तो स्वतः पाळण्यात उभा राहिला, सगळ्या गर्दीसमोर वर गेला, आणि दोर कापायला लावला. पाळणा थोडासा खाली आला आणि थांबला.

लोक याला ‘शोबाजी’ म्हणतात. मला तसं वाटत नाही. त्याने गिऱ्हाइकाच्या मनातली नेमकी भीती शोधली आणि तीच स्टेजवर आणली. लिफ्ट किती छान दिसते, किती वेगात जाते, यातलं त्याने काही दाखवलं नाही. लोकांना भीती तुटणाऱ्या दोराची होती, तर त्याने दोरच तोडला.

नांगर आणि विषाची शंका

आता परत महाराष्ट्रात येऊ. लक्ष्मणराव किर्लोस्कर, जन्म १८६९. हा माणूस आधी मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेला होता. पण रंग नीट ओळखता येत नाहीत हे लक्षात आल्यावर यांत्रिक ड्रॉइंगकडे वळला आणि पुढे मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवू लागला. १८८८ मध्ये भावाबरोबर बेळगावला सायकलचं दुकान काढलं. हे लोक सायकल नुसती विकत नव्हते, चालवायलाही शिकवत. कारण ज्याला चालवता येत नाही तो सायकल घेईल कशाला?

मग नोकरी सोडून बेळगावला कडबा कापायची यंत्रं, आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर. इथे गाडी अडली. शेतकऱ्यांचा समज होता की लोखंडाने जमिनीत विष भिनतं. पिढ्यान्‌पिढ्या लाकडी नांगर, आणि हा कोण बेळगावचा सायकलवाला लोखंड घालायला सांगतोय? पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली असं सांगतात.

आपल्याला आज हसू येतं. पण क्षणभर त्या शेतकऱ्याच्या जागी उभे राहा. जमीन एकच. ती बिघडली तर पुढचं सगळं गेलं. नवा मोबाइल खराब निघाला तर आपण परत करतो, जमीन परत करता येत नाही. त्याची शंका शास्त्राच्या दृष्टीने चूक होती, पण सावधपणा चूक नव्हता.

आणि या शंकेचं उत्तर कोणत्या स्टॉलवर मिळणार? नांगराला लाल रंग दिला, मागे बँड लावला, तरी जमिनीत विष भिनतं की नाही हे कळत नाही. त्यासाठी कुणाच्या तरी शेतात नांगर चालावा लागतो, पाऊस पडावा लागतो, पीक यावं लागतं, आणि शेजाऱ्याने बांधावरून ते बघावं लागतं. काही भीतींना एक मिनिट पुरतं, ओटिससारखं. काहींना एक हंगाम लागतो.

पुढची गोष्ट बहुतेकांना माहीत आहे. औंध संस्थानच्या राजांनी जमीन आणि कर्ज दिलं, १९१० मध्ये कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. मला त्यातला एक छोटा तुकडा आवडतो. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ नावाचं मासिक सुरू केलं. सुरुवात कारखान्याच्या मालाच्या प्रचाराची, पण ते वाचनीय होत गेलं, आणि त्यातूनच पुढे मराठीतलं नावाजलेलं ‘किर्लोस्कर’ मासिक झालं. पत्रक लोक फेकून देतात. वाचण्यासारखं काही दिलं तर ते घरात राहतं. आज आपण ज्याला ‘कंटेंट मार्केटिंग’ म्हणतो ते शंभर वर्षांपूर्वी वाडीच्या माळावर चालू होतं.

१८८६: खरे हात, खोटी गोष्ट

इतका वेळ मी म्हणतोय, करून दाखवा, करून दाखवा. पण करून दाखवण्यातही फसवणूक होऊ शकते, आणि ती आपल्याच लोकांच्या नावावर झालेली आहे.

१८८६ मध्ये लंडनला वसाहतींचं आणि हिंदुस्थानचं एक भव्य प्रदर्शन भरलं. पन्नास लाखांहून जास्त लोक आले. तिथे एका अंगणात हिंदी कारागीर बसवले होते, काम करताना बघायला. विणकर, गालिचेवाले, कुंभार. बक्षीराम नावाचा म्हातारा कुंभार तिथे चाकावर भांडी घडवायचा, त्याचं वय १०२ असल्याचं सांगितलं जायचं. राणी व्हिक्टोरियाने यातल्या काही कारागिरांची चित्रंही काढून घेतली, बक्षीरामचंसुद्धा.

बघणाऱ्यांना सांगितलं गेलं की हे हिंदुस्थानातल्या खेड्यातले पिढीजात कारागीर. खरी गोष्ट अशी की त्यातले बरेच जण आग्र्याच्या तुरुंगातून आणलेले होते. कामही तिथेच शिकलेले.

विचार करा. हात खरे, माती खरी, चाक खरं. भोवतीची गोष्ट खोटी. आणि ज्याचे हात बघायला लाखो लोक येत होते, त्याला त्या गोष्टीबद्दल एक शब्द बोलायची सोय नव्हती. भांड्याबरोबर माणूसही मांडून ठेवला होता.

हे जुनं झालं असं समजू नका. आजही स्टॉलवर गावाकडच्या बाईला नऊवारी नेसवून जात्यावर बसवतात, आणि पाकिटातली पावडर मात्र कुठल्या तरी गिरणीतली असते. फोटो मस्त येतात. पण त्या बाईला विचारा, हे पीठ तुम्ही दळलंय का? ती इकडेतिकडे बघते.

फैजपूर, १९३६: स्टॉलच माल

आता याच्या अगदी विरुद्ध टोकाचं उदाहरण, तेही खानदेशातलं.

डिसेंबर १९३६. काँग्रेसचं अधिवेशन पहिल्यांदा शहराऐवजी खेड्यात भरलं, आजच्या जळगाव जिल्ह्यात फैजपूरला. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. स्थानिक बाजूने धनाजी नाना चौधरींसारखे कार्यकर्ते राबत होते. वस्तीला नाव दिलं होतं टिळकनगर. अधिवेशनाबरोबर खादी आणि ग्रामोद्योगांचं प्रदर्शन होतं, त्याचं उद्घाटन गांधीजींनी केलं.

सजावटीचं काम गांधीजींनी शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांच्यावर सोपवलं होतं. देशातला नामवंत चित्रकार. शहरातून कापड, रंग, दिव्यांच्या कमानी मागवणं अवघड नव्हतं. पण ठरलं असं की आसपास जे मिळतं तेच वापरायचं, आणि गावातल्या कारागिरांच्या हातूनच करून घ्यायचं. मग बांबू, तट्टे, गवत. बांबूची प्रवेशद्वारं, बांबूचे मंडप. अध्यक्षांची मिरवणूक बैलांच्या रथातून.

यातली खुबी मला अशी वाटते. प्रदर्शनाचं म्हणणं होतं की खेड्यातल्या हातांना आणि खेड्यातल्या सामानाला किंमत आहे. हे सांगायला वेगळा फलक लावायची गरजच उरली नाही. ज्या कमानीखालून तुम्ही आत आलात, तीच पुरावा होती. आलेला शेतकरी ती कमान बघून म्हणू शकत होता, हे तर आपल्या गावचा बुरूड करू शकतो. बक्षीराम भोवतीच्या गोष्टीत अडकला होता. इथे गोष्ट आणि माणसं एकाच ठिकाणची होती.

दोन वर्षांनी, १९३८ मध्ये, गुजरातेत हरिपुऱ्याच्या अधिवेशनासाठी नंदलालांनी गावातल्या कामकऱ्यांची, वाजंत्र्यांची, कुस्तीगिरांची चित्रं काढली. ‘हरिपुरा पोस्टर्स’ म्हणून ती आज भारतीय कलेच्या इतिहासात गणली जातात. मुळात ती काय होती? यात्रेला आलेल्या लोकांनी येता-जाता बघावीत म्हणून लावलेली चित्रं.

मग तुमच्या तीन बाय तीनचं काय?

आता एवढ्या गोष्टी ऐकून तुमच्या स्टॉलला काय उपयोग? एक उदाहरण घेऊन बोलू, आपल्या भागातलंच.

समजा हिमायतनगरच्या शेतकऱ्यांच्या एका गटाने स्वतःचं सोयाबीन बियाणं तयार केलंय आणि प्रदर्शनात स्टॉल घेतलाय. गिऱ्हाइकाची भीती कोणती? उत्पादन किती येईल, हा नंतरचा प्रश्न. पहिली भीती: उगवेल का? २०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन उगवलंच नाही अशा हजारो तक्रारी झाल्या. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्याची दखल घेतली. ज्याने दुबार पेरणी केलीय, तो पुढची दहा वर्षं बियाण्याच्या पिशवीकडे संशयानेच बघणार. म्हणजे लोखंडी नांगराचीच गोष्ट, नव्या रूपात.

या माणसापुढे हसऱ्या शेतकऱ्याचा फ्लेक्स लावून काय होणार?

त्यापेक्षा गोणपाट लावा. कृषी विभाग दर वर्षी सांगतो तीच घरगुती चाचणी. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळींत १०० दाणे ठेवायचे, वरून दुसरं ओलं गोणपाट, गुंडाळी करून सावलीत ठेवायचं, ओल टिकवायची. सहा-सात दिवसांनी उघडून मोजायचं. ७० किंवा त्याहून जास्त उगवले तर बियाणं चांगलं. प्रदर्शनाच्या आठवडाभर आधीपासून रोज एक गुंडाळी लावली, तर स्टॉलच्या प्रत्येक दिवशी एक उघडता येते.

पण ती तुम्ही एकट्याने लावून आणलीत तर तुम्ही किसणीवाले झालात. माळेगावची रीत आठवा. दाणे गिऱ्हाइकाने काढू देत, त्याला वाटेल त्या पिशवीतून. त्याच्या समोर १०० मोजा, गुंडाळी त्याच्या नावाची चिठ्ठी लावून त्याच्याच हातात द्या. घरी जाऊन उघड म्हणावं, आणि आकडा फोनवर कळव. ७० भरले तर त्याच्या चार शेजाऱ्यांना तोच सांगेल. नाही भरले तर तुम्हालाही पेरणीआधी कळलं, हे काय कमी आहे? आणि ही युक्ती तो आयुष्यभर कुठल्याही कंपनीच्या बियाण्यावर वापरेल. खर्च किती? जुन्या पोत्यांचा.

थोडक्यात, स्टॉलचं डिझाइन उघडण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. माझ्या गिऱ्हाइकाला नेमकी कशाची भीती वाटते? ती भीती तपासायची संधी त्याच्या हातात आहे की माझ्या? आणि मी भोवती जी गोष्ट सांगतोय, ती माझ्या स्टॉलवर उभ्या असलेल्या माणसाला विचारली तर तीच निघेल का?

या तिन्हींची उत्तरं सरळ असतील, तर मग खुशाल एलईडी लावा. झूल घालायला कुणाची ना नाही, बैल लांबून दिसायला तर पाहिजेच.

एक अडचणही सांगतो, नाहीतर ऐकताना सगळं सोपं वाटेल. खुली तपासणी द्यायची म्हणजे माल तसा पाहिजे. आम्ही सॉफ्टवेअरवाले डेमोच्या वेळी बऱ्याचदा आधीच रेकॉर्ड केलेला व्हिडिओ लावतो, कारण लाइव्ह दाखवलं आणि अडकलं तर? ओटिसने जर ती यंत्रणा मनापासून तपासली नसती, तर दोर कापायची हिंमत त्याला झाली नसती. म्हणून स्टॉलची क्रिएटिव्हिटी फ्लेक्सच्या दुकानात सुरू होत नाही. ती तुमच्या वर्कशॉपमध्ये, तुमच्या शेतात, वर्षभर आधी सुरू होते.

तुमच्या गावच्या यात्रेत किंवा प्रदर्शनात असा एखादा स्टॉल बघितला असेल, जिथे विकणारा बाजूला झाला आणि तुम्हालाच ‘बघा की’ म्हणाला, तर आम्हाला जरूर सांगा. आणि स्टॉल लावायच्या तयारीत असलेल्या मित्राला हा भाग पाठवा, शक्यतो त्याने फ्लेक्सची ऑर्डर द्यायच्या आधी. भेटू पुढच्या भागात.